आयर्लंड: क्रिटिकल स्किल्स परमिट आलं, पण आयआरपी कार्ड अजून १जी चंच आहे. नोंदणी कधी बदलायची?

अजिंक्यतारा
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, डब्लिनमध्ये हे माझं तिसरं वर्ष. डेटा ॲनालिटिक्समध्ये एमएस्सी केलं ते स्टॅम्प २ वर, म्हणजे विद्यार्थ्यांना इथे राहायला मिळणाऱ्या परवानगीवर. मग ग्रॅज्युएट स्कीममधून स्टॅम्प १जी, म्हणजे शिक्षणानंतर राहून काम करायची परवानगी, मिळाला आणि या जानेवारीपासून एका कंपनीत काम करतेय. शुक्रवारी, ७ तारखेला, एचआरची ईमेल आली की क्रिटिकल स्किल्स परमिट, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, मंजूर झालं. दोन वर्षांचं, सुरुवात १७ नोव्हेंबरपासून. आईला फोन केला तर तिने बोलता बोलताच देवापुढे साखर ठेवली. वर्षभर पोटात जो गोळा होता तो त्या दिवशी सुटला असं वाटलं.

दोन दिवसांत तो परत आलाय. एचआर म्हणते, झालं सगळं, आता काही करायचं नाही. पण माझ्या आयआरपी कार्डावर, म्हणजे इमिग्रेशनच्या नोंदणी कार्डावर, अजून १जी आहे आणि ते २ जानेवारीला संपतंय. ऑफिसमधला एक सहकारी म्हणतो की परमिट आलं तरी स्टॅम्प १ ची नोंदणी आपणच करायची असते. दुसरी एक मैत्रीण म्हणते, घाई नको, मास्टर्सवाल्यांना १जी चं दुसरं वर्ष मिळतं, ते आधी वापरून घे.

यात आणखी एक गुंता आहे. २८ डिसेंबरला साताऱ्याला आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिकीट ऑगस्टमध्येच काढून ठेवलंय, १२ डिसेंबरला जायचं आणि ५ जानेवारीला परत. म्हणजे मी परत येईन तेव्हा कार्ड संपून तीन दिवस झालेले असतील. अर्ज आत्ता केला आणि नवीन कार्ड १२ तारखेच्या आत आलं नाही तर काय? आजीच्या कार्यक्रमाला जायचंच आहे. ती गेले सहा महिने दिवस मोजतेय. कोणी यातून गेलं असेल तर कृपया नीट सांगा.


लिफीकाठ
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१५

आधी मनापासून अभिनंदन. परमिट मिळणं ही मोठी गोष्ट आहे, ती साजरी कर.

तुझा सहकारी बरोबर सांगतोय. इथे दोन वेगळी सरकारी खाती आहेत आणि ती एकमेकांची कामं करत नाहीत. परमिट देतं एंटरप्राइझ खातं. ते सांगतं की अमुक कंपनीत अमुक काम करायला या व्यक्तीला परवानगी आहे. देशात राहायची परवानगी, म्हणजे स्टॅम्प, देतं न्याय खात्याचं इमिग्रेशन. परमिट मंजूर झालं की तुझा स्टॅम्प आपोआप बदलत नाही. तो बदलून घ्यायला तूच अर्ज करायचास, ३०० युरो भरायचे, आणि मग स्टॅम्प १ लिहिलेलं नवीन आयआरपी कार्ड पोस्टाने घरी येतं. परमिटचे १००० युरो कंपनीने भरले असतील, हे ३०० बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातात. कंपनी देते का ते विचारून बघ, काही देतात.

एचआरचा दोष नाही, त्यांच्या दृष्टीने त्यांचं काम खरंच संपलं. पण हे वाक्य ऐकून निवांत राहिलेले तीन जण तरी मी माझ्या ओळखीत पाहिलेत आणि तिघांनाही नंतर त्रास झाला.

दुसऱ्या वर्षाच्या १जी बद्दल. परमिट हातात असताना तो वाढवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. १जी म्हणजे शिक्षणानंतर नोकरी शोधायला दिलेली मुदत. तुला नोकरी मिळाली, परमिट मिळालं, आता तुझं इथे राहण्याचं कारणच बदललं. क्रिटिकल स्किल्सवर २१ महिने काम झालं की स्टॅम्प ४ साठी अर्ज करता येतो. पूर्वी त्याला एंटरप्राइझ खात्याचं पाठिंब्याचं पत्र लागायचं, ते आता लागत नाही. स्टॅम्प ४ आला की पुढे परमिटचीच गरज राहत नाही. हा काळ मोजताना तुझं परमिट आणि तुझा स्टॅम्प एकमेकांशी जुळलेले असावेत, म्हणून १७ तारखेची वाट न बघता कागद गोळा करायला लाग.

अर्ज कधी? आत्ता. जुन्या कार्डाची मुदत संपायच्या आधी बारा आठवड्यांपर्यंत ऑनलाइन अर्ज करता येतो. तुझे साडेसात आठवडे उरलेत, म्हणजे तू त्या खिडकीत कधीच येऊन बसली आहेस. पासपोर्टचं फोटोचं पान, सध्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजू, परमिट पूर्ण, कंपनीचं ताजं पत्र आणि शेवटच्या दोन-तीन पेस्लिपा एवढं स्कॅन करून ठेव. विद्यार्थी असताना आरोग्य विम्याचा कागद लागायचा, स्टॅम्प १ ला मला कोणी मागितला नव्हता.

जुन्या लोकांकडून वेगळं काही ऐकशील, तर ते त्यांच्या काळाचं असेल. मी २००९ मध्ये आलो तेव्हा या परमिटला ग्रीन कार्ड परमिट म्हणत. २०१४ मध्ये क्रिटिकल स्किल्स हे नाव आलं. कार्डाला जीएनआयबी म्हणत, आजही अनेकांच्या तोंडी तेच आहे, पण डिसेंबर २०१७ पासून ते आयआरपी झालं. नोंदणीसाठी डब्लिनच्या बर्ग कीवरच्या इमिग्रेशन कार्यालयापुढे पहाटेपासून रांग लागायची. लिफी नदीवरचा वारा अंगावर घेत लोक तान्ह्या मुलांना घेऊन उभे असत. मग ऑनलाइन अपॉइंटमेंटा आल्या, तर त्या मधल्या मध्ये पटकावून विकणारे निघाले. त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत. कोविडच्या वर्षी पासपोर्ट पोस्टाने पाठवावा लागला होता. आता पासपोर्ट तुझ्याजवळच राहतो. त्या मानाने आजची पद्धत पुष्कळ माणसाळलेली आहे.

प्रवासाबद्दल उद्या सविस्तर लिहितो, ते घाईत सांगण्यासारखं नाही.


मोगरा_तल्ला
११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:५०

अभिनंदन अजिंक्यतारा! एकच विचारते, कारण माझं चुकलं असतं. तू शनिवार-रविवार कुठे दुसरं काम करतेस का? १जी वर आठवड्याला ४० तासांपर्यंत कुठेही काम करता येतं. स्टॅम्प १ झाला की फक्त परमिटवर नाव असलेल्या कंपनीत, आणि तेही परमिटवर लिहिलेलंच काम. मी विद्यार्थी असल्यापासून एका बेकरीत शनिवारी जायचे. माझ्या मॅनेजरने आधी सांगितलं म्हणून वेळेत सोडलं.


अजिंक्यतारा
११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:२०

लिफीकाठ दादा, खूप खूप आभार. रात्री वाचलं आणि शांत झोपले.

मोगरा, मी महिन्यातून दोन रविवार एका भारतीय दुकानात हिशेब बघायला जाते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच त्यांना सांगते.


कॉर्कची_नर्स
११ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:०५

रात्रपाळी करून उठले आणि हा धागा दिसला. मी नाशिकची, २०२१ पासून कॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये. आम्हा नर्सेसचा रस्ता थोडा निराळा असतो. आधी एनएमबीआयकडे, म्हणजे इथल्या नर्सिंग बोर्डाकडे, कागदपत्रं, मग ॲटिपिकल वर्किंग स्कीम या थोड्या मुदतीच्या परवानगीवर इथे यायचं, ॲडॅप्टेशन (हॉस्पिटलातला देखरेखीखालचा सराव) किंवा ॲप्टिट्यूड टेस्ट पूर्ण करायची, नोंदणी क्रमांक मिळवायचा, आणि त्यानंतर हॉस्पिटल क्रिटिकल स्किल्स परमिट काढतं. त्या वेळी कॉर्कमध्ये नोंदणीला अँग्लसी स्ट्रीटच्या गार्डा स्टेशनात, म्हणजे पोलीस ठाण्यात, जावं लागायचं. खिडकीपलीकडचा गार्डा फार शांत माणूस होता. मी थरथरत होते, त्याने आधी पाणी दिलं.

मी लिहितेय ते नावाबद्दल. अजिंक्यतारा, अर्ज भरण्याआधी एका टेबलावर चार कागद शेजारी शेजारी ठेव: पासपोर्ट, जुनं कार्ड, परमिट, पेस्लिप. चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का बघ. आपल्याकडे पासपोर्टावर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. इथली कंपनी मधलं नाव गाळून टाकते. माझ्या पासपोर्टावर सासरचं आडनाव, एनएमबीआयच्या कागदावर माहेरचं, पेस्लिपवर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. मी एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, ॲफिडेव्हिट, सगळं नाशिकहून मागवलं. माझे वडील तहसील कचेरीत तीन चकरा मारून आले. त्यांचं वय त्या वेळी ७१ होतं. आजही आठवलं की गलबलून येतं.

म्हणून ज्या मुली लग्न ठरल्यावर इकडे येणार असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आडनाव बदलायचं की नाही हा निर्णय तुमचा, पण बदलायचं असेल तर सगळ्या कागदांवर बदला, आणि परमिटचा अर्ज चालू असताना मध्येच बदलू नका. परमिटवर जे नाव छापून येतं तेच कार्डावर जातं, तेच बँकेत, तेच पुढे नागरिकत्वाच्या अर्जात.

पासपोर्टाची मुदतही बघून घे. वर्षभराच्या आत संपत असेल तर आधी भारतीय दूतावासाकडून नवा करून घेण्याच्या कामाला लाग.


गॉलवेकर
११ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६:३०

या निमित्ताने एक विचारतो. मी गॉलवेत वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे, क्रिटिकल स्किल्सवरच. मार्चमध्ये लग्न आहे, कोल्हापूरला. बायकोला इथे काम करता येईल का, की माझ्यासारखं तिलाही परमिट काढावं लागेल? प्रत्येक जण वेगळं सांगतोय.


कॉर्कची_नर्स
११ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१०

गॉलवेकर, परमिट लागत नाही. आधी ती भारतातून जॉइन फॅमिलीचा लांब मुदतीचा डी व्हिसा काढेल. इथे उतरल्यावर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची, तेव्हा तिला स्टॅम्प १जी मिळतो. हा १जी विद्यार्थ्यांच्या १जी सारखा नाही, नाव तेवढं एक आहे. तो मिळाला की कुठल्याही कंपनीत काम करता येतं. मार्च २०१९ च्या आधी जोडीदाराला स्टॅम्प ३ मिळायचा, त्यावर काम करायला बंदी. माझ्या वॉर्डातल्या एका सिनियर ताईंच्या नवऱ्याने, नाशिकला बँकेत अधिकारी असलेल्या माणसाने, इथे दोन वर्षं घरात बसून काढली. त्याच्या मनावर त्याचा फार परिणाम झाला. हे नियम बदलले तेव्हा आमच्या हॉस्पिटलात लोक खरोखर रडले होते.

लग्नाची नोंदणी लगेच करून घ्या. मांडवातले फोटो कितीही असले तरी दाखल्याची जागा घेत नाहीत.


लिफीकाठ
११ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:००

अजिंक्यतारा, आता तुझा प्रवास.

तू आज-उद्या अर्ज केलास की तुला ईमेलने ओरेगपासून सुरू होणारा एक क्रमांक येईल. जुनं कार्ड संपायच्या आत अर्ज केलेला असेल तर कार्ड संपल्यानंतरही आठ आठवडे इथे राहायची आणि काम करायची मुभा असते. तो क्रमांक आणि जुनं कार्ड हा त्याचा पुरावा. एचआरलाही तो पाठवून ठेव. नीट वाच मात्र: राहायची आणि काम करायची. भारतीय पासपोर्टवर देशाबाहेर जाऊन परत यायचं तर चालू मुदतीचं आयआरपी कार्ड लागतं. मे २०१९ पासून मोठ्यांना वेगळा री-एंट्री व्हिसा लागत नाही, कार्डच त्याची जागा घेतं. म्हणूनच संपलेलं कार्ड घेऊन मुंबईच्या काउंटरवर उभं राहिलं तर एअरलाइनवाले बसूच देणार नाहीत. ओरेगची पावती त्यांना कळत नाही आणि ती प्रवासासाठी नसतेच.

गेली काही वर्षं नाताळच्या सुमारास न्याय खातं एक सूचना काढतं, की ज्यांचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांना नुकत्याच संपलेल्या कार्डावर ३१ जानेवारीपर्यंत ये-जा करता येईल. ती निघाली की छापून पासपोर्टात ठेव. पण तिच्या भरवशावर ५ जानेवारीचं तिकीट ठेवू नकोस. ती सूचना माहीत नसलेला एकच कर्मचारी पहाटे तीन वाजता समोर आला तर तू त्याला काय समजावणार?

माझं स्पष्ट मत: परतीचं तिकीट २ जानेवारीच्या आत आण. ३१ डिसेंबर नको, ३० बघ. आखाती देशातून विमान बदलावं लागतं, एक विमान चुकलं तरी हातात दोन दिवस राहतात. पैसे जातील, पण नोंदणीतल्या खंडाची किंमत जास्त असते. नागरिकत्वाच्या अर्जात पाच वर्षांचं वास्तव्य स्टॅम्पच्या तारखा जोडून मोजतात. स्टॅम्प २ चे दिवस त्यात धरत नाहीत. दोन स्टॅम्पांच्या मध्ये राहिलेले मोकळे दिवसही धरत नाहीत. शेवटचं एक वर्ष तर सलग लागतं, त्यात देशाबाहेर ७० दिवसांची मर्यादा आहे. तुला आज ते दूरचं वाटेल. मलाही वाटलं होतं.

आणखी एक, मैत्रिणी नाताळच्या खरेदीला बेलफास्टला चल म्हणतील. वाटेत चौकी नाही, पाटी नाही, बसने दोन-अडीच तास. पण ते युनायटेड किंगडम आहे आणि भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा लागतो. आयआरपीवर तिथे जाता येत नाही, युरोपातल्या शेंगेन देशांतही नाही. बसमध्ये तपासणी होते.


अजिंक्यतारा
१२ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४५

अर्ज केला! ओरेग क्रमांक आला. ३०० युरो भरले. नर्स ताई, तुमचं ऐकून चार कागद शेजारी ठेवले. परमिटवर बाबांचं नाव आहे, पेस्लिपवर नाही. एचआरकडून पत्र घेतलं की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. त्यांनी तासाभरात दिलं.

तिकीट बदललं. ३० डिसेंबर पहाटेचं विमान, म्हणजे २९ ला दुपारीच साताऱ्याहून निघावं लागणार. १८० युरो जास्तीचे गेले. आजीला सांगताना वाईट वाटत होतं. ती म्हणाली, मी एक हजार चंद्र पाहिलेत, तुझे चार दिवस कमी झाले म्हणून काय बिघडत नाही, पण कागद नीट ठेव.


वऱ्हाडी_लिमरिक
१३ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:१५

आजीला माझा नमस्कार सांगा.

मी अकोल्याचा, लिमरिकला असतो. धाग्यात सगळं चांगल्या दिवसांचं चाललंय, वाईट दिवसाचं मी लिहितो, कारण ते कोणी सांगत नाही. २०२३ मध्ये आमच्या कंपनीने एका सकाळी आम्हा अनेकांना मीटिंगला बोलावलं आणि नोकरी गेली. मी क्रिटिकल स्किल्सवर होतो, स्टॅम्प १, मुलगी पाच महिन्यांची. पहिले चार दिवस मी घरात कोणाशी बोललो नाही. मला वाटलं नोकरी गेली म्हणजे उद्या देश सोडायचा.

तसं नसतं. कंपनीने कपात केली तर चार आठवड्यांच्या आत एंटरप्राइझ खात्याला तसं कळवायचं. त्यांचा फॉर्म असतो. ते वेळेत केलं की दुसरी नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. मी दहाव्या दिवशी फॉर्म भरला, पाचव्या महिन्यात नवीन नोकरी लागली, नव्या कंपनीने नवीन परमिट काढलं, आणि मी पुन्हा नोंदणीच्या पोर्टलवर कागद चढवले. माझ्याच टीममधला एक मुलगा धक्क्यातून बाहेरच आला नाही, त्याचे चार आठवडे निघून गेले. नंतर वकील करावा लागला.

म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशीच हे लिहून फ्रिजवर लावून ठेवा: चार आठवडे, सहा महिने.

आपण होऊन नोकरी बदलायची असेल तर तो वेगळा नियम. पूर्वी पहिल्या कंपनीत वर्षभर थांबावं लागे, सप्टेंबर २०२४ पासून नऊ महिने.


मोगरा_तल्ला
१३ नोव्हेंबर २०२५, दुपारी २:००

वऱ्हाडी दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. नवऱ्याला पाठवलं.


डब्लिन१५
१४ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:३०

माझंही परमिट याच महिन्यात आलंय. एक सल्लागार म्हणतात, स्टॅम्प बदलायचा अर्ज किचकट असतो, आम्ही करून देतो, २५० युरो, आणि लवकर करून देऊ. द्यावेत का?


लिफीकाठ
१४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:०५

देऊ नका. सरकारी ३०० च्या पलीकडे एक सेंटही लागत नाही. लवकर करून देणं कोणाच्याही हातात नसतं, अर्ज क्रमानेच उघडले जातात. वर तुमचा पासपोर्ट, कार्ड, पगाराच्या पावत्या अनोळखी माणसाच्या लॅपटॉपवर जातात. कुटुंबाचं प्रकरण गुंतागुंतीचं असेल, आधी नकार मिळाला असेल, मुदत उलटून गेली असेल, तर परवाना असलेल्या सॉलिसिटरकडे जा आणि त्याची फी आनंदाने द्या. साध्या १जी ते स्टॅम्प १ ला फक्त एक शांत संध्याकाळ आणि चांगला स्कॅनर पुरतो. अडलं तर इथे विचारा, मी आणि नर्स ताई आहोतच.


अजिंक्यतारा
२७ नोव्हेंबर २०२५, रात्री ७:१०

अर्ज परत आला. पोटात धस्स झालं. नकार नव्हता, माझीच चूक होती. परमिटचं पहिलंच पान चढवलं होतं, मागची अटींची पानं राहिली. शिवाय जुन्या कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो दिव्याच्या प्रकाशात चमकून अक्षरं पुसली गेली होती. दादांनी पूर्ण परमिट असं लिहिलं होतं आणि मी ते वाचूनही केलं नाही. संध्याकाळी लायब्ररीत जाऊन सगळं स्कॅन केलं आणि पुन्हा पाठवलं. दोन आठवडे वाया गेले याचं दुःख आहे, कारण १२ तारखेच्या आत कार्ड येणं आता अवघड.


कॉर्कची_नर्स
२७ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:५०

घाबरू नकोस. परत येणं म्हणजे नकार नाही, दुरुस्त करून पाठवलं की तोच अर्ज पुढे चालतो. अर्जाची पहिली तारीख जपून ठेव, ईमेल पुसू नकोस.

जाताना पत्रपेटीची किल्ली भरवशाच्या माणसाकडे दे. कार्ड पोस्टाने येतं आणि दारावरचं नाव जुळलं नाही तर ते परत जाऊ शकतं. तुमच्या घराच्या पत्रपेटीवर तुझं नाव आहे का?


अजिंक्यतारा
२८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:००

नव्हतं! आजच चिकटवलं. फ्लॅटमेटला सांगितलंय.


अजिंक्यतारा
२२ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ५:३० (भारतीय वेळ)

साताऱ्याहून लिहितेय. १९ तारखेला मंजुरीचं पत्र ईमेलने आलं. स्टॅम्प १, परमिट संपतं त्या तारखेपर्यंत. आज फ्लॅटमेटने पत्रपेटीतल्या लिफाफ्याचा फोटो पाठवला. अंगणात आजी वाती वळत बसली होती, तिला दाखवला. चष्मा लावून तिने माझा कार्डावरचा फोटो बराच वेळ बघितला.

प्रश्न: कार्ड तिथे, मी इथे. परत येताना जुनं कार्डच दाखवायचं ना?


लिफीकाठ
२२ डिसेंबर २०२५, दुपारी २:१०

हो. जुन्या कार्डाची मुदत २ जानेवारीपर्यंत आहे आणि तू ३० ला पोचतेस. मंजुरीचं पत्र, परमिट आणि कंपनीचं पत्र छापून हातातल्या बॅगेत ठेव, फोनवर विसंबू नकोस. नवीन कार्ड कुरिअरने भारतात मागवायचा विचारही करू नकोस. वाटेत हरवलं तर तू तिथे अडकशील.


अजिंक्यतारा
३१ डिसेंबर २०२५, सकाळी ११:२०

पोचले. सगळ्यांना कळवायचं राहू नये म्हणून झोपेतून उठून आधी हे लिहितेय.

मुंबईला चेक-इन काउंटरवरच्या मुलीने जुनं कार्ड उलटंपालटं करून दोनदा तारीख वाचली, मग वरिष्ठांना बोलावलं. ते म्हणाले, तीन दिवस आहेत, चालेल. ५ जानेवारीचं तिकीट असतं तर मी तिथूनच साताऱ्याला परत गेले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डब्लिनला अधिकाऱ्याने कार्ड आणि मंजुरीचं पत्र बघितलं, कुठे काम करते विचारलं, आणि वेलकम बॅक म्हणाला.

घरी येऊन लिफाफा उघडला. नाव बरोबर आहे, बाबांच्या नावासकट. जन्मतारीख बरोबर. स्टॅम्प १. एचआर आणि बँकेला दोन्ही बाजूंच्या प्रती पाठवल्या. दुकानातलं रविवारचं काम १६ नोव्हेंबरलाच सोडलं होतं.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन फार छान झालं. ८१ दिव्यांनी ओवाळलं. संध्याकाळी तिने सगळ्या नातवंडांना जवळ घेऊन गच्चीवर नेलं आणि चंद्र दाखवला. २९ ला दुपारी मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली.


लिफीकाठ
३१ डिसेंबर २०२५, दुपारी १२:४०

फार बरं वाटलं वाचून. आता एकच काम राहिलं. परमिट १७ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झालं, त्यात २१ महिने मिळव आणि ती तारीख कॅलेंडरवर लिही.


अजिंक्यतारा
३१ डिसेंबर २०२५, दुपारी १२:५५

१७ ऑगस्ट २०२७. लिहिली. त्याच्या खाली चार आठवडे, सहा महिने हेही लिहून फ्रिजवर लावलंय.


डब्लिन१५
३१ डिसेंबर २०२५, रात्री ८:१५

सल्लागाराला नाही म्हटलं, स्वतःच अर्ज भरतोय. लिफीकाठ दादा, परमिटची सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये चढवायची की वेगवेगळी?


लिफीकाठ
३१ डिसेंबर २०२५, रात्री ८:३०

एकाच. आणि पाठवण्याआधी ती फाइल स्वतः उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचा.